पेशीच्या अंगावरची अवजारं

ताप चार दिवस उतरला नाही की डॉक्टर रक्त तपासून घ्या म्हणतात. जालन्यात काय नि मुंबईत काय, संध्याकाळी लॅबचा कागद हातात पडला की घरातला पहिला प्रश्न ठरलेला: "पेशी किती आल्या?" डेंग्यूच्या दिवसांत हा प्रश्न प्लेटलेटपुरता असतो. तो आकडा बघून झाला की कागदाची घडी होते आणि तो पिशवीत जातो. त्याच कागदावर मधोमध पाच ओळी असतात, त्यांच्याकडे सहसा कुणी बघत नाही. न्यूट्रोफिल ६२, लिम्फोसाइट ३०, मोनोसाइट ५, इओसिनोफिल ३, बेसोफिल ०. पांढऱ्या पेशींची ही शेकडेवारी. शेवटच्या शून्याने दचकायचं कारण नाही. बेसोफिल मुळात शंभरात एकसुद्धा नसतात, त्यामुळे शंभर पेशी मोजताना त्यांची गाठ बहुतेक वेळा पडतच नाही.

ही नावं रंगांवरून पडली. १८७९ च्या सुमारास जर्मनीत पॉल एर्लिख नावाचा तरुण डॉक्टर कापड रंगवायचे नवे कृत्रिम रंग रक्ताच्या थेंबावर टाकून बघत होता. काही पेशींतले कण इओसिन हा लालसर रंग आवडीने पिऊन घेत, त्या इओसिनोफिल झाल्या. काहींना अल्कधर्मी निळा रंग प्रिय, त्या बेसोफिल. ज्यांचा कल कुठल्याच बाजूला ठळक नाही, त्या न्यूट्रोफिल. आजही आपल्याकडे तंत्रज्ञ काचपट्टीवर रक्त ओढतो, त्यावर लेशमनचा रंग ओततो, नळाखाली धुतो आणि सूक्ष्मदर्शकात बघतो. न्यूट्रोफिलचं केंद्रक गाठी मारलेल्या सुतळीसारखं दिसतं, मोनोसाइटचं घेवड्याच्या दाण्यासारखं, आणि लिम्फोसाइट म्हणजे नुसता जांभळा ठिपका, भोवती निळसर कड.

पण तो जांभळा ठिपका फसवा असतो. कागदावरच्या ३० लिम्फोसाइटमध्ये तीन वेगळ्याच जाती मिसळलेल्या असतात. टी पेशी आणि बी पेशी या शिकलेल्या प्रतिकारशक्तीच्या. एखादा जंतू एकदा बघितला की तो लक्षात ठेवणाऱ्या. तिसरी जात म्हणजे एनके, नॅचरल किलर पेशी. ती जन्मजात प्रतिकारशक्तीची, म्हणजे न्यूट्रोफिल-मोनोसाइटच्या भावकीतली: आधीच्या ओळखीची वाट न बघता पहिल्याच दिवशी कामाला लागणारी. रंग घातला की ती टी पेशीपासून सहजी वेगळी काढता येत नाही. मोनोसाइटच्या ५ टक्क्यांतही निदान तीन प्रकार दडलेले असतात. लॅबचा कागद खोटं बोलत नाही, पण सगळंही सांगत नाही.

मग ओळखायचं कसं? जालन्याच्या मोंढ्यात सकाळी उभं राहिलं तर कोण काय करतो हे विचारावं लागत नाही. पोती ओढायचा लोखंडी हूक ज्याच्या खांद्यावर तो हमाल. पोत्यात खुपसून दाणे बाहेर काढायची पोकळ सळई ज्याच्या हातात, तो माल बघायला आलेला. कपडे सगळ्यांचे सारखेच धुळीने माखलेले. ओळख पटते ती हातातल्या अवजारावरून. पेशींचंही असंच आहे. प्रत्येक पेशीच्या पातळ कवचावर हजारो प्रथिनं रोवलेली असतात, त्यांतली पुष्कळशी बाहेरचं काहीतरी पकडायला टपलेली असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. पाठ्यपुस्तकांत 'ग्राही' असा शब्द सापडतो, पण तो पुस्तकाबाहेर फारसा आलेला नाही. शास्त्रज्ञ ज्याला पेशीची ओळखखूण म्हणतात ते तिच्या दृष्टीने बहुधा अवजार असतं, आणि हे एकदा लक्षात ठेवलं की पुढची नावांची आणि आकड्यांची गर्दी भीतिदायक राहत नाही.

रिसेप्टर म्हणजे काय, हे कापूस लावणाऱ्याला समजावणं सर्वांत सोपं. महिको ही बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात सुरू केलेली बियाणे कंपनी. मार्च २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला पहिली परवानगी मिळाली ती तिच्याच संकरित वाणांना. त्या कापसात जिवाणूचं एक प्रथिन तयार होतं. बोंडअळीने पान खाल्लं की ते तिच्या आतड्यातल्या पेशींवरच्या कॅडहेरिन नावाच्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं, मग आतड्याला भोकं पडतात आणि अळी मरते. माणसाच्या आतड्यात या प्रथिनाला बसायला तशी जागा नाही, म्हणून सरकी खाणाऱ्या अळीचं जे होतं ते आपलं होत नाही. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली. तेव्हा भारतातल्या अशा अळ्यांत याच कॅडहेरिनच्या जनुकात बिघाड सापडले. विष तेच, पण ते जिथे बसायचं ती बैठकच मोडलेली. दोन दशकांत शेतकरी पैसे मोजून जे शिकला, ते रिसेप्टरचं शास्त्र होतं.

आता रक्ताकडे येऊ. मोनोसाइटच्या अंगावर सीडी१४ नावाचं प्रथिन दाटीने असतं. त्याचं काम काय, तर काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातला एक स्निग्ध-शर्करायुक्त पदार्थ पकडणं. हा पदार्थ रक्तात थोडा जरी सुटला तरी ताप चढतो. सीडी१४ स्वतः मात्र पेशीच्या आत काही कळवू शकत नाही, कारण त्याचं टोक आत पोचतच नाही. ते कवचाच्या बाहेरच्या थरात एका चरबीच्या खुंटीने अडकवलेलं असतं. म्हणून ते पकडलेला माल शेजारच्या टीएलआर४ या रिसेप्टरच्या हवाली करतं, आणि आतली घंटा टीएलआर४ वाजवतं. ही घंटा कोणती, हे ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने १९९८ मध्ये उंदरांत शोधलं. त्याच्या दोन वर्षं आधी ज्यूल्स हॉफमन यांनी फळमाशीत तिच्याच नात्यातलं प्रथिन बुरशीशी लढताना पाहिलं होतं. २०११ चं नोबेल दोघांना मिळालं, राल्फ स्टाइनमन यांच्यासोबत. स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये डेंड्रायटिक पेशी शोधली होती. पारितोषिक जाहीर होण्याच्या तीन दिवस आधी ते वारले होते, आणि हे समितीला ठाऊक नव्हतं. मृत व्यक्तीला नोबेल देत नाहीत, पण या वेळी दिलेलं परत घेतलं नाही.

सीडी१४ या नावातला 'सीडी' कुठून आला, त्याचीही एक गोष्ट आहे. १९७५ मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टीन यांनी एकाच जातीची, एकाच खुणेला चिकटणारी अँटिबॉडी हवी तितकी बनवायची युक्ती काढली. त्यानंतर जगभरच्या प्रयोगशाळांनी पांढऱ्या पेशी उंदरांना टोचून अँटिबॉड्यांचं पीकच काढलं. प्रत्येकाने आपापल्या अँटिबॉडीला आपापलं नाव दिलं. आज जे सीडी१४ आहे ते कुणाकडे एमओ२, कुणाकडे ल्यू-एम३, कुणाकडे माय४ होतं. एकच वाण पाच दुकानांत पाच पिशव्यांत विकलं जावं, तसला प्रकार. शेवटी १९८२ मध्ये पॅरिसला सगळे जमले. अँटिबॉड्यांची अदलाबदल करून कुठल्या कुठल्या एकाच प्रथिनाला चिकटतात ते ताडून पाहिलं आणि अशा प्रत्येक गटाला क्रमांक दिला. सीडी म्हणजे 'क्लस्टर ऑफ डिफरन्सिएशन'. नाव रुक्ष, पण भांडण मिटवणारं. आता हे क्रमांक ३७० च्या पुढे गेले आहेत. आकड्यात अर्थ शोधू नये. तो नोंदवहीतला क्रमांक आहे, दर्जा नव्हे.

या अँटिबॉड्यांना चमकणारा रंग जोडतात आणि रक्तात मिसळतात. मग ते रक्त फ्लो सायटोमीटर नावाच्या यंत्रात सोडतात. आत पेशी एकामागून एक, रांगेत, लेझरच्या किरणासमोरून जातात, सेकंदाला हजारोंच्या वेगाने. पेशी जेवढी मोठी तेवढा समोरचा उजेड जास्त फाकतो. आत दाणे जास्त असतील तर तो बाजूला जास्त उडतो. अंगावर रंग लागला असेल तर ती त्या रंगात लुकलुकते. प्रत्येक पेशीसाठी पडद्यावर एक ठिपका उमटतो. मिनिटभरात त्या ठिपक्यांचे ढग तयार होतात. बाजूला उंच दाणेदार ढग न्यूट्रोफिलचा, खाली कोपऱ्यात दाट छोटा ढग लिम्फोसाइटचा आणि दोघांच्या मध्ये विरळसा मोनोसाइटचा. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते रांगोळीचे ठिपके सांडल्यासारखे वाटतात. सराव झालेली तंत्रज्ञ मात्र ढगाचा आकार बघूनच "यात काहीतरी आहे" म्हणते.

आता खालच्या कोपऱ्यातल्या लिम्फोसाइटच्या ढगात शिरून दोन खुणा विचारायच्या: सीडी३ आहे का, सीडी५६ आहे का? सीडी३ असेल तर टी पेशी. सीडी३ नाही आणि सीडी५६ आहे, तर एनके. लेशमनच्या रंगाला जे जमत नव्हतं ते इथे दोन प्रश्नांत झालं. इथे माझ्या अवजाराच्या उपमेला जरा ठेच लागते, ती लपवत नाही. सीडी५६ हे एनके पेशीचं मुख्य हत्यार नाही. हेच प्रथिन चेतापेशींवरही असतं, तिथे ते पेशींना एकमेकींना चिकटवून ठेवतं. एनकेची खरी हत्यारं वेगळी आहेत. ती इतर पेशींचं एक प्रकारचं रेशनकार्ड तपासते. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीने अंगावर एचएलए ही प्रथिनं दाखवायची असतात. विषाणू घुसलेली किंवा कर्करोगाकडे वळलेली पेशी पुष्कळदा ती लपवते, आणि कार्ड नाही म्हणजे मरण. क्लास कार्रे यांनी १९८६ मध्ये मांडलेली ही कल्पना आहे: शत्रू दिसला म्हणून नव्हे, आपलेपणाची खूण दिसली नाही म्हणून मारायचं.

एनकेचं दुसरं हत्यार सीडी१६. अँटिबॉडी चिकटलेली पेशी ते पकडतं. पण सीडी१६ न्यूट्रोफिलवरही भरपूर असतं. म्हणजे हूक हमालाकडेही आणि खाटकाकडेही. नीट बघितलं तर दोन्ही हूक सारखे नाहीत: एनकेचा सीडी१६ कवच भेदून आत गेलेला आहे, न्यूट्रोफिलचा नुसता चरबीच्या खुंटीला टांगलेला. यंत्राला हा फरक दिसत नाही, त्यामुळे एका खुणेवर विसंबून निकाल देता येत नाही. इओसिनोफिलला बहुधा हा हूक नसतोच, आणि न्यूट्रोफिलपासून तिला वेगळं काढायला प्रयोगशाळेत याच उणिवेचा उपयोग करतात. मोनोसाइटचं तर याच दोन खुणांवर वर्गीकरण झालं. सीडी१४ भरपूर आणि सीडी१६ नाही, अशा नेहमीच्या मोनोसाइट दहांतल्या आठ-नऊ. दोन्ही असलेल्या मधल्या. सीडी१४ कमी आणि सीडी१६ जास्त, त्या रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून गस्त घालणाऱ्या. हा फरक १९८९ मध्ये दिसला, पण तिघींची नावं ठरायला २०१० उजाडलं. क्षयरोगात सीडी१६ वाल्या मोनोसाइट वाढलेल्या आढळतात. डेंड्रायटिक पेशी तर शंभरात एकाहून कमी, तरी त्यांच्यातही सीडी१४१ वाल्या, सीडी१सी वाल्या आणि सीडी१२३ वाल्या अशा शाखा. इथे मी थांबतो. याद्या पाठ करून कुणाचं भलं झालेलं नाही.

त्यापेक्षा हे सांगितलं पाहिजे, की खूण गेली म्हणजे पेशी गेली असं नसतं. पीएनएच नावाचा एक दुर्मीळ रक्तविकार आहे. त्यात अस्थिमज्जेतल्या काही पेशींना ती चरबीची खुंटीच बनवता येत नाही. मग खुंटीला टांगलेलं सगळंच गळून पडतं: मोनोसाइटवरचं सीडी१४, न्यूट्रोफिलवरचं सीडी१६. सीडी१४ बघूनच मोनोसाइट मोजायच्या म्हटलं, तर यंत्र सांगेल की मोनोसाइट जवळजवळ नाहीतच. प्रत्यक्षात त्या समोर फिरत असतात, नुसत्या रिकाम्या हाताने. म्हणून हा आजार तपासताना पेशी आधी दुसऱ्या, खुंटीवर न टांगलेल्या खुणेने ओळखून घेतात आणि मग विचारतात, अवजार कुठे गेलं? उलटही होतं. न्यूट्रोफिलवर एरवी अगदी थोडं असणारं सीडी६४ जिवाणूंचा मोठा संसर्ग झाला की काही तासांत वाढतं. संकट बघून हमालाने काठी उचलावी तसं.

खुणा नसण्याची सर्वांत विलक्षण कहाणी मात्र मुंबईत सुरू होते. १९५२ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. य. म. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात असा रक्तगट नोंदवला, जो ओ गटासारखा दिसे पण ओ गटाचं रक्तही त्याला चालेना. लाल पेशींवर ए आणि बी या खुणा ज्या पायावर उभ्या राहतात, तो एच नावाचा पायाच या माणसांत नव्हता. पायाचं टोक म्हणजे फ्यूकोज नावाची एक साखर. जगभर हा गट आता बॉम्बे फिनोटाइप म्हणून ओळखला जातो. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा असतो. अशी माणसं धडधाकट असतात. अडचण येते ती रक्त चढवायची वेळ आली तरच.

चाळीस वर्षांनी, १९९२ मध्ये, इस्रायलमध्ये दोन मुलं सापडली. सतत जंतुसंसर्ग, वाढ खुंटलेली, रक्तात न्यूट्रोफिल भरमसाट आणि जखमेत मात्र पू नाही. रक्तगट तपासला तर बॉम्बे! पांढऱ्या पेशींचा आजार आणि लाल पेशींचा गट यांचा काय संबंध? संबंध त्याच साखरेचा. वाहत्या रक्तातून न्यूट्रोफिलला जखमेपाशी उतरायचं असतं, आणि ते धावत्या एसटीतून उतरण्याइतकं अवघड काम आहे. आधी ती रक्तवाहिनीच्या भिंतीवर घरंगळत वेग कमी करते. त्यासाठी तिच्या अंगावर फ्यूकोज लावलेली एक खूण हवी, तिचं नाव सीडी१५एस. वेग मंदावला की सीडी१८ गटाचे आकडे भिंतीत रुतवून ती घट्ट थांबते, मग दोन पेशींच्या फटीतून अंग चोरत बाहेर पडते. नेहमीच्या बॉम्बे गटात लाल पेशींवर फ्यूकोज लावणारा कामगार नसतो, पांढऱ्या पेशींवर लावणारा वेगळा असतो आणि तो कामावर हजर असतो. या दोन मुलांत साखर पोचवणारी गाडीच बंद होती, त्यामुळे दोन्हीकडे तिचा पत्ता नव्हता. या आजाराला एलएडी-२ म्हणतात. तो अतिशय दुर्मीळ आहे. काही मुलांना फ्यूकोज पाजून फायदाही झाला.

त्याचा थोरला भाऊ एलएडी-१ इतका दुर्मीळ नाही, आणि आपल्या घरांपासून लांबही नाही. त्यात घरंगळणं जमतं, पण सीडी१८ चे आकडे नसतात किंवा अगदी थोडे असतात. पेशी वाहिनीतून नुसत्या पुढे वाहत जातात. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी चाळीस-पन्नास हजार, कधी त्याहून जास्त. एरवी अकरा हजारांवर गेल्या तरी डॉक्टर विचारात पडतात. एवढी फौज असून जखमेवर पू धरत नाही, कारण पू म्हणजे मुख्यतः कामी आलेल्या न्यूट्रोफिल.

या आजाराची पहिली खूण डॉक्टरच्याही आधी बाळंतिणीच्या खोलीत दिसू शकते. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं. तोवर बहुतेक बाळांची नाळ वाळून, काळी पडून, न्हाऊ घालताना किंवा लंगोट बदलताना गळून पडलेली असते. नाळ पडण्याच्या कामात न्यूट्रोफिलचा हात असतो. आज्जी बेंबीवर तेलाचं बोट फिरवायला जाते आणि म्हणते, "अगं, अजून पडली नाही का?" दोन आठवडे झाले, तीन झाले, देठ ओलाच, बेंबीभोवती लाली, पण पू नाही. प्रत्येक उशिरा पडणारी नाळ म्हणजे हा आजार नव्हे, बहुतेक वेळा काहीच नसतं. पण तीन-चार आठवडे उलटले, बेंबीला संसर्ग झाला आणि पांढऱ्या पेशीही खूप वाढल्या, तर आज्जीचा प्रश्न डॉक्टरांनी हसण्यावारी नेऊ नये.

तपासणी मुंबईत, केईएमच्याच आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्थेत होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून ही संस्था सुरू केली; भेंड्यांच्या शोधाच्या वास्तूतच तिचं बीज. आज तिथे प्रतिकारशक्तीच्या जन्मजात आजारांवर डॉ. मनीषा मडकईकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठं काम उभं केलं आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या अभ्यासात एलएडीचे शंभराहून अधिक रुग्ण होते. जालन्याहून रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने निघालं की सकाळी मुंबई. बाळाचं दोन मिलिलिटर रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. ते बर्फात ठेवायचं नसतं आणि फार शिळंही होऊ द्यायचं नसतं, कारण पेशी जिवंत हव्यात. सीडी१८ ची चमकणारी अँटिबॉडी घालून रक्त यंत्रात सोडलं की पडद्यावर एक टेकडी उभी राहते. निरोगी माणसाची टेकडी उजवीकडे असते. या बाळाची डाव्या कडेला, रंग न लावलेल्या पेशींच्या टेकडीवर जवळजवळ बसलेली. सीडी१८ दोन टक्क्यांच्या खाली असेल तर आजार तीव्र. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं नाही तर अशी मुलं बहुधा दोन वर्षांपलीकडे जात नाहीत.

त्याच दिवशी आई-वडिलांचंही रक्त घेतात. आजार होण्यासाठी बिघडलेलं जनुक दोघांकडून यावं लागतं, आणि मामाची मुलगी करून घेणं ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे, तिथे एकच बिघाड दोघांकडेही असण्याची शक्यता वाढते. दोघं धडधाकट असतात, कधी फोडही आलेला नसतो. तरी त्यांच्या टेकड्या पुष्कळदा पुरत्या उजवीकडे पोचत नाहीत. अंगावरचं सीडी१८ निम्म्यावर आलेलं असतं. आई पडद्याकडे बघते आणि विचारते, पुढच्या वेळेला काय? त्यावरही तपासणी आहे. कुटुंबातला बिघाड नेमका ठाऊक असेल तर आधीच, वारेच्या तुकड्यातून. नसेल तर गरोदरपणाच्या अठराव्या आठवड्याच्या पुढे, सोनोग्राफीच्या पडद्यावर नजर ठेवून, पोटातून बारीक सुई घालून पोटातल्या बाळाचं थोडं रक्त घेतात आणि त्याच यंत्रात सीडी१८ मोजतात. सुई टोचतात ती नाळेत.